बारा पेरं

वृंदाताई गुरवांचं एक व्रत होतं आणि ते कुठल्या पोथीत लिहिलेलं नव्हतं. रोज एका तरी माणसाचं भय निववायचं, त्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही. एकवीस वर्षांपूर्वी त्यांचा नवरा दवाखान्यात नळ्यांना जोडून पडला होता, तेव्हा शेवटच्या सकाळी एक अनोळखी परिचारिका त्यांचा हात हातात घेऊन नुसती बसून राहिली होती. पण त्या स्पर्शाने वृंदाताईंच्या छातीतला दगड उतरला होता. बाराव्या दिवशी त्यांनी देवापुढे पाणी सोडलं आणि तेव्हापासून व्रत कधी चुकलं नाही.

बहुतेक दिवशी ते सकाळीच पार पडे. कधी परीक्षेला निघालेली शेजारची मुलगी, कधी कुत्र्याला बिचकून गल्लीच्या तोंडाशी उभी राहिलेली एखादी म्हातारी. आणि कुणी नाहीच भेटलं, तर कचेरी होतीच. कोळेगावच्या सहजीवन केंद्रात वृंदाताई विधिसाक्षी होत्या आणि भ्यालेल्या नवऱ्यामुलींचा तिथे तुटवडा नव्हता.

सहजीवनाचा कायदा येऊन सहा वर्षं झाली होती. सहजीवन म्हणजे लग्नच. फक्त अग्नी नाही, अंतरपाट नाही, भटजी नाही, काझी नाही. दोघांनी सरकारी खोलीत यायचं, विधिसाक्षीसमोर बसायचं, मनगटाला पट्टा बांधून घ्यायचा. विधिसाक्षीने एकच प्रश्न विचारायचा, "तुम्ही स्वतःच्या मर्जीने येत आहात का?" तोंडाने "हो" म्हणायचं, आणि मग दीड मिनिट गप्प बसायचं. त्या दीड मिनिटात पट्टा अंगाला विचारून घेई.

अंगाला विचारायचं म्हणजे काय, हे यंत्र सांभाळणारी पल्लवी डांगे येणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ सांगायची. भ्यालेल्या माणसाचं हृदय लष्करात भरती झाल्यासारखं वागतं. ठोका, ठोका, ठोका. दोन ठोक्यांमधलं अंतर एकसारखं. निवांत माणसाचं हृदय मात्र श्वासाबरोबर झुलतं. श्वास आत येताना जरा घाईत, बाहेर जाताना जरा सैल. मेंदूतून निघून छातीत उतरणारा एक लांब मज्जातंतू आहे, तो हा झोका देतो. धाक आला की तो मुका होतो. पट्टा तो झोका मोजतो, तळव्याचा घाम मोजतो आणि समोरच्या आरशातला कॅमेरा डोळ्यांची बाहुली मोजतो. तिन्हींचं जुळलं तर टेबलावरचा ज्याचा त्याचा दिवा हिरवा. नाही तर लाल. एकदा हिरवा झाला की त्याला कुलूप पडायचं. मग तो परत फिरत नसे.

"जीभ खोटं बोलते, झोका नाही बोलत," असं म्हणून पल्लवी हसायची.

त्या दिव्यामागे तीन कलमं उभी होती. अकरावं : दिवा हिरवा नसताना विधी लावला तर विधिसाक्षीला तीन वर्षं कैद. बारावं : दिवा हिरवा असताना विधी नाकारला तर सहा महिने कैद आणि परवाना रद्द. तेरावं : औषध, धमकी किंवा आमिष वापरून दिव्यावर प्रभाव पाडला तर सात वर्षं आणि तो विधी मुळापासून रद्द. पहिल्या वर्षी तीन तालुक्यांतले चार विधिसाक्षी आत गेले होते. त्यामुळे दिव्याच्या पुढे जाऊन स्वतःची अक्कल चालवायला कुणी धजत नसे.

मात्र कायद्याने एक सवड ठेवली होती. काही जण नुसत्या बुजरेपणानेही लाल होतात, म्हणून अर्ध्या तासात तीन वेळा पट्टा बांधता येई आणि मधल्या वेळात विधिसाक्षीला त्या माणसाजवळ बसून धीर देता येई. या अर्ध्या तासात वृंदाताईंचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता.

त्या फार काही करत नसत. मुलीला शेजारच्या खोलीत नेत, तिचा डावा हात आपल्या मांडीवर घेत आणि तिच्याच अंगठ्याने तिच्या बोटांची पेरं मोजायला शिकवत. चार बोटं, बारा पेरं. एका पेरावर एक श्वास. आत घेताना शिवाचं नाव, सोडताना तेच नाव दुप्पट लांबवून. पहाटेच्या जपाला त्या स्वतः हेच करत. बारा पेरं संपेपर्यंत दोन मिनिटं होत, आणि तेवढ्यात बहुतेकींचं हृदय झोक्यावर बसे. सहा वर्षांत त्यांच्याकडून एकही जोडपं लाल परत गेलं नव्हतं.

"ताई, तुमच्या हातात काय जादू आहे?" पल्लवी विचारायची.

"माझ्या कशाची? नामाची आहे," असं म्हणून त्या डबा उघडायच्या.

*

वैशाखातल्या एका गुरुवारी दुपारचे दोन वाजले तरी डबा उघडला नव्हता. सकाळपासून आलेली तिन्ही जोडपी हसतखेळत आली, हिरवी झाली आणि पेढे ठेवून गेली. भ्यालेलं कुणी भेटलंच नव्हतं. वृंदाताईंना आता कडकडून भूक लागली होती.

चौथं जोडपं आलं. जोडपं कसलं, मिरवणूकच. पुढे धैर्यशील शेवाळे नावाचे गृहस्थ, पांढरीशुभ्र विजार आणि बोलणं तुपात घोळलेलं. मागे चाळिशीकडे झुकलेला नवरामुलगा, अभिजित काटे. तो आल्यापासून फोनमध्ये होता. आणि सगळ्यांच्या मधोमध जांभळ्या साडीतली, वीस वर्षांची स्वराली.

"स्वराली जयसिंग शेवाळे," मुलीने तोंड उघडायच्या आतच धैर्यशीलराव म्हणाले. "बाप नाही तिला. मी चुलता. दोन पोरी सांभाळल्या मी भावाच्या, ताई. आई यांची अंथरुणाला."

"पत्रिका-मुहूर्त केला नाहीत?" वृंदाताईंनी सहज विचारलं.

"करू की घरी हौसेनं. पण भटजीपुढं लावलेलं उद्या कुणी कोर्टात मोडतंय. ह्या दिव्याचं तसं नाही. एकदा हिरवा झाला की ब्रह्मदेवाला मोडायचा नाही. काय, खरं ना?"

वृंदाताईंना ते कायद्याचं कौतुक वाटलं. त्या समाधानाने हसल्या.

पट्टे बांधले. अभिजित काट्यांचा दिवा चाळीस सेकंदांतच हिरवा झाला; त्याने फोनवरची मानसुद्धा वर केली नाही. स्वरालीला प्रश्न विचारला तेव्हा ती लगेच "हो" म्हणाली आणि दीड मिनिट दिव्याकडे टक लावून बसली. दिवा लाल झाला.

त्या क्षणी मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळून गेलं. वृंदाताईंना ते दिसलं. पोरगी आता रडणार, असं त्यांना वाटलं.

"भित्री आहे हो," धैर्यशीलराव हसत म्हणाले. हसताना त्यांच्या जबड्याची शीर तटतटली होती. "पाल दिसली तरी घर डोक्यावर घ्यायची लहानपणी."

"असू दे. मी बसते तिच्याजवळ," वृंदाताई म्हणाल्या आणि मनातल्या मनात देवाला नमस्कार केला. आज उशिरा का होईना, धाडलंस.

शेजारच्या खोलीचं दार उघडं ठेवायचा नियम होता, विधिसाक्षीवर नंतर कुणी आळ घेऊ नये म्हणून. धैर्यशीलराव त्या उघड्या दारातच खुर्ची टाकून बसले.

मुलीचा हात माठातल्या पाण्यासारखा गार होता. वृंदाताईंनी तो दोन्ही हातांत धरला. "कुणी काही बोललं का तुला? पाणी हवं?"

स्वरालीने मान हलवली. डोळे दाराकडे गेले आणि परत आले.

"हे बघ बाळ," वृंदाताई अगदी हळू म्हणाल्या. त्यांचा आवाजच तसा होता, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसा. "मी या खोलीत आहे तोवर तुझ्या मनाविरुद्ध इथे काही व्हायचं नाही."

मुलीने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. "खरंच?"

"देवाची शपथ. आणि तुला एक गंमत सांगू? मी सकाळपासून उपाशी आहे. तुझं भय गेलं ना, की मला दोन घास मिळायचे. माझं व्रतच आहे तसं."

स्वराली हसली. हसता हसता तिचे डोळे भरले. मग तिने वृंदाताईंचा हात घट्ट धरला, बुडणारा माणूस कासरा धरतो तसा. वृंदाताईंनी पहिलं पेर दाखवलं. श्वास आत. श्वास बाहेर. चौथ्या पेराला मुलीचे खांदे खाली आले. आठव्या पेराला हात ऊबदार झाला. बाराव्या पेराला तिने डोळे उघडले, तेव्हा ती एखाद्या लहान मुलीसारखी दिसत होती, आताच झोपेतून उठलेली.

पट्टा बांधला. प्रश्न. "हो." दीड मिनिट मुलगी वृंदाताईंच्याच चेहऱ्याकडे बघत होती, अगदी निर्धास्त.

दिवा हिरवा झाला. त्याला कुलूप पडल्याचा बारीकसा आवाज आला.

स्वरालीने दिव्याकडे बघितलं. मग वृंदाताईंकडे. मग परत दिव्याकडे. वृंदाताई हसून म्हणाल्या, "बघ, झालं ना?" आणि त्यांनी सरकारी मजकूर वाचायला घेतला. सही करताना मुलीने अगदी कमी आवाजात विचारलं, "मावशी, दिवा लाल होता ना?"

"होता गं. आता हिरवा आहे," वृंदाताई म्हणाल्या.

मंडळी गेल्यावर त्यांनी डबा उघडला. पोळी आणि कारल्याची भाजी. इतकं गोड जेवण कित्येक दिवसांत लागलं नव्हतं. पल्लवी मात्र पडद्याकडे बघत उभी होती.

"ताई, कुलूप पडल्यावर तिचा आलेख बघा की कसा झाला. नुसत्या काठ्या पुरल्यासारखा."

"आनंदाने होतं गं तसं," वृंदाताई म्हणाल्या आणि बोटं चाटली.

कुलपानंतरचं वाचन कायद्याने पुसलं जाई. संध्याकाळी ते पुसलं गेलं.

*

आषाढात राजधानीहून पत्र आलं. कोळेगावच्या केंद्रात एकही लाल नाही, हे वरच्या लोकांच्या नजरेत भरलं होतं. दोन माणसं ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन आली आणि त्यांनी वृंदाताईंचा आवाज टिपून नेला. आता राज्यातल्या प्रत्येक केंद्रात एक शांतिकक्ष होणार होता आणि लाल झालेल्या प्रत्येकाला तिथे बसवून हा आवाज ऐकवायचा होता. बदल एकच केला. सरकारी कामात देवाचं नाव चालत नाही म्हणून शिवाच्या जागी "शांत" हा शब्द घालायला लावला. आपल्या हातून घडलेलं पाप तेवढंच, असं वृंदाताईंना तेव्हा वाटलं. त्याबद्दल त्यांनी अकरा माळा जादा जप केला.

भाद्रपदातल्या एका गुरुवारी नदीकाठच्या दत्ताला त्या गेल्या होत्या. औदुंबराच्या पारावर कुणीतरी ओळखीचं बसलेलं दिसलं. स्वराली. तिची सासू झाडाला एकवीस प्रदक्षिणा घालत होती, ओठांत पुटपुटत, पावलाला पाऊल लावत.

"कशी आहेस बाळ?" वृंदाताई शेजारी टेकल्या. मुलीच्या डाव्या हाताची करंगळी वाकडीच बसली होती. "अगं, हे काय?"

सासू समोरून जात होती. "दार लागलं," स्वराली म्हणाली.

सासू झाडामागे गेली.

"दार नाही," स्वराली म्हणाली.

सासू पुन्हा समोर आली, दोघींकडे बघून ओळखीचं हसली आणि पुढे गेली.

"ह्यांची पहिली बायको माहेरी का गेली, ते मला लग्नाआधीच माहीत होतं," झाडामागे पावलं गेल्यावर स्वराली म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत होतं. मी नाही म्हणाले तर काका आईचं औषधपाणी तोडणार होते. म्हणून मी ठरवलं, तोंडानं हो म्हणायचं. नाही कोण म्हणणार? दिवा म्हणणार. यंत्रच नाही म्हणालं तर माझा काय दोष? आणि झाला होता की लाल, मावशी. तुम्ही बघितलात."

सासू आली. गेली.

"मग तू..." वृंदाताई म्हणाल्या. "मग तू निवलीस कशी? माझ्या हातात निवलीस तू."

"तुम्ही शपथ घेतलीत ना." मुलीचा स्वर साधा होता, हिशेब न मागणारा. "मला वाटलं, ह्या बाईंना कळलं. दारात काका बसलेत म्हणून उघड बोलत नाहीत, पण कळलंय. आता ह्या काही होऊ द्यायच्या नाहीत. सहा महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, सुटले. मग कशाला राहील भय?"

सासूच्या एकवीस प्रदक्षिणा झाल्या. ती पारापाशी येऊन म्हणाली, "चला. ताईंच्या पाया पड." स्वराली वाकली.

वृंदाताई पारावर कितीतरी वेळ बसून होत्या. दिवा चुकला नव्हता. अंग खरोखरच निर्भय झालं होतं. त्या मुलीने आपल्यावर टाकलेला विश्वास यंत्राने मोजला आणि तो तिच्या नवऱ्याच्या नावावर लिहिला. पट्ट्याला एवढंच कळतं की भय नाही. ते कुणाच्या आधाराने गेलं, हे पट्ट्याला कुठून कळावं? ते कळायला तिथे एक बाई बसवली होती. आणि ती बाई भुकेली होती.

त्या दिवसापासून त्यांनी अन्न सोडलं. या मुलीचं भय घालवीन तेव्हाच जेवीन. सकाळ-संध्याकाळ वाटीभर ताक, बस.

*

"ताई, तुम्ही शुद्धीवर आहात ना?" पल्लवीने अर्ज दोनदा वाचला. "तेरावं कलम स्वतःवर लावून घेताय? सात वर्षं!"

"सुटेल ना ती? विधी रद्द होतो ना?"

"होतो. विधिसाक्षीनं स्वतःहून कबुली दिली तर मुळापासून रद्द. पण पट्टा बांधून द्यावी लागते. धाकाखाली दिलेली कबुली चालत नाही, दिवा हिरवाच लागतो." आणि मग तिचा चेहरा जरा सैल झाला. "म्हणा, तुम्हाला काय? तुमचा दिवा तर झोपेतसुद्धा हिरवा असतो."

ते खरंच होतं. यंत्र तपासायला पल्लवी रोज सकाळी पहिला पट्टा वृंदाताईंनाच बांधायची.

सुनावणी सोळाव्या दिवशी लागली, कोळेगावच्याच केंद्रात. जिल्ह्याचे निवाडा अधिकारी खर्डेकर आले. सभ्य माणूस, घड्याळाकडे बघायचा, पण चोरून.

वृंदाताई पोचल्या तेव्हा व्हरांड्यात शेवाळे आणि काटे मंडळी बसली होती. स्वराली, तिचा नवरा, सासू. आणि धैर्यशीलरावांच्या शेजारी आणखी एक मुलगी. हुबेहूब स्वराली, फक्त गाल अजून बाळसेदार. अंगावर जांभळी साडी. तीच साडी, वैशाखातली.

"नमस्कार ताई," धैर्यशीलराव उठून उभे राहिले. "ही आमची धाकटी, ईश्वरी. मागल्या महिन्यात अठरा पूर्ण झाली. म्हटलं, केंद्र बघून ठेवू दे. त्या घराला शब्द दिलाय आम्ही. एक नातं तुटलं तर दुसरं जोडायला नको? माणसानं शब्दाला जागावं."

ईश्वरीने वाकून नमस्कार केला. "तुमचा आवाज फार छान आहे म्हणे," ती लाजत म्हणाली. "मैत्रिणीच्या सहजीवनात ऐकवला होता."

वृंदाताईंनी स्वरालीकडे बघितलं. स्वराली भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

आत खर्डेकरांनी अर्ज समोर ठेवला. "विधिसाक्षीबाई, हात धरला, श्वास शिकवला, हे गुन्ह्यात बसत नाही. सरकारनेच आता ते सगळीकडे लावलंय."

"मी शपथ घेतली साहेब. तुझ्या मनाविरुद्ध काही होणार नाही म्हणून. त्या भरवशावर ती निवली. मी तिला सुटकेचं आमिष दाखवलं."

खर्डेकरांनी चष्मा काढला. "आमिष. हं. बसेल. बसू शकेल." त्यांनी पल्लवीला खूण केली. "कबुली घ्या. मग मुलीचाही जबाब घेऊ."

पट्टा बांधला. "ही कबुली तुम्ही स्वतःच्या मर्जीने देत आहात का?"

"हो."

वृंदाताईंनी डोळे मिटले आणि अंगठा पहिल्या पेरावर ठेवला. शिवाचं नाव घेतलं. नाव आलं, पण त्याच्याबरोबर एक गार हात आला आणि त्याने त्यांचा हात धरला. दुसऱ्या पेरावर वाकडी करंगळी. तिसऱ्यावर जांभळी साडी, दोघींची एकच. आपण हिरव्या झालो तर धाकटी जाणार. लाल झालो तर थोरली राहणार. अंगठा पेरावरून घसरला.

दिवा लाल.

दुसऱ्या वेळीही लाल. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, घ्या की हो श्वास. तुम्हीच शिकवता ना सगळ्यांना."

"नियमाप्रमाणे शांतिकक्षात न्या," खर्डेकर म्हणाले.

त्याच खोलीत आता मऊ खुर्ची होती आणि भिंतीत पेटी बसवली होती. पल्लवीने कळ दाबली. पेटीतून वृंदाताईंचा आवाज आला, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसा. "ये बाळ. हात दे. मी आहे ना." खरी वृंदा खुर्चीत बसून त्या बाईचं बोलणं ऐकत होती. किती गोड बोलत होती ती बाई! तिच्या बोलण्यावर कुणीही विश्वास ठेवला असता. "पहिलं पेर. श्वास आत, शांत. श्वास बाहेर, शांत." बाराव्या पेराला वृंदाताईंचे दात वाजत होते.

दिवा तिसऱ्यांदा लाल झाला.

"आता प्रतिवादी," खर्डेकर म्हणाले.

स्वराली येऊन बसली. पट्टा बांधला. व्हरांड्याचं दार उघडं होतं. त्यातून ईश्वरीचा जांभळा पदर दिसत होता आणि तिच्या खांद्यावर ठेवलेला चुलत्याचा हात.

"तुम्ही या सहजीवनात स्वतःच्या मर्जीने आहात का?"

वृंदाताईंनी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. सांग, बाळ. नाही म्हण. निदान अंगाला तरी म्हणू दे, लाल होऊ दे.

"हो," स्वराली म्हणाली.

मग तिने डोळे मिटले. पदराखाली तिचा अंगठा हलू लागला. पहिलं पेर. दुसरं. तिसरं. घाई नाही, चूक नाही. वाकड्या करंगळीवर आल्यावर अंगठ्याला जरा वळसा घ्यावा लागला. तो त्याने सवयीने घेतला. श्वास आत जात होता आणि दुप्पट लांब होऊन बाहेर येत होता. पडद्यावर तिच्या हृदयाचा झोका उठला, मोठा, सावकाश, अंगणातल्या झोपाळ्यासारखा. इतका सुंदर झोका त्या केंद्रात पल्लवीने कधी बघितला नव्हता. तो रोज गिरवल्याशिवाय येत नाही. त्या घरात, दाराआड, तिने तो रोज गिरवला असणार.

दिवा हिरवा झाला. कुलूप पडलं.

खर्डेकरांनी आदेश तिथेच सांगितला. अर्जदार विधिसाक्षीची कबुली भयाच्या प्रभावाखाली असल्याने अग्राह्य. प्रतिवादीचा जबाब निर्भय आणि म्हणून ग्राह्य. विधी कायम. गुन्हा सिद्ध होत नाही. विधिसाक्षीचा परवाना अबाधित. "तब्येतीला जपा बाई," जाता जाता ते म्हणाले. "फार उतरल्यासारख्या दिसता. आणि सोमवारी रजा घेऊ नका, सात जोडपी आहेत."

मंडळी निघाली. धैर्यशीलरावांनी ईश्वरीच्या खांद्यावरचा हात काढला, आता त्याची गरज नव्हती. सगळे पायऱ्या उतरले, पण स्वराली एक क्षण मागे वळली. वृंदाताई बाकावर बसल्या होत्या. शेजारी सोळा दिवस न उघडलेला डबा, सवयीने रोज भरून आणलेला.

स्वरालीने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. तिचा हात ऊबदार होता.

"आता मला कशाचंच भय वाटत नाही, मावशी," ती म्हणाली. टोमणा नव्हता, मुलगी मनापासून सांगत होती. "जेवा तुम्ही."

तिने स्वतः डब्याचं झाकण काढून ठेवलं आणि ती पायऱ्या उतरून गेली.

आतली पेटी बंद करायची राहिली होती. रिकाम्या खुर्चीला ती बाई अजून सांगत होती, "ये बाळ. हात दे. मी आहे ना."